एकतीस मिलिमीटर

दात बनवणं हा माझा धंदा आहे. नागपुरात रामदासपेठेतल्या एका डेंटल लॅबमध्ये गेली सोळा वर्षं मी कॅप आणि ब्रिजचं काम करते. दवाखान्यातून ठसा येतो. त्यात डाय स्टोन ओतायचा, निघालेल्या साच्यावर मेणाचा दात घडवायचा, मेण जाळून त्या पोकळीत धातू ओतायचा आणि वर सिरॅमिकचे थर भाजायचे. शेजारच्या खऱ्या दाताशी रंग जुळवायला सोळा छटांची पट्टी असते, ए-वनपासून डी-फोरपर्यंत. काम साधल्याची खूण एकच. माणूस हसला की त्यातला आपला दात कोणता ते कुणाला कळू नये. नक्कल हेच माझं काम आहे आणि मी ते मान वर करून करते.

म्हणूनच घड्याळ करायला घेतलं तेव्हा पहिल्याच महिन्यात तिघांनी "फर्स्ट कॉपी का?" म्हणून विचारलं, ते मला लागलं. बर्डीवर संध्याकाळी फुटपाथला मोठमोठ्या नावांची नकली घड्याळं मांडलेली असतात. त्यांत आणि माझ्या टेबलावरच्या कामात फरक आहे हे आतून माहीत होतं, पण नीट सांगता येत नव्हतं. घड्याळ पुरं व्हायला तेरा महिने लागले. तेवढ्या काळात ते थोडंफार सांगता येऊ लागलं.

ज्यावरून मी हे केलं ते घड्याळ म्हणजे पाटेक फिलिपचं कॅलाट्राव्हा, मॉडेल नंबर ९६. जिनिव्हाची ही कंपनी १८३९ सालची. १९३२ मध्ये, जगभर मंदी असताना, ती चार्ल्स आणि जाँ या स्टर्न भावांनी घेतली. हे भाऊ मूळचे घड्याळांच्या तबकड्या बनवणारे. त्याच वर्षी हे ९६ नंबर निघालं. गोल केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), सपाट कडा, केसमधूनच वळत निघालेले पट्ट्याचे कान, काड्यांसारख्या खुणा, त्रिकोणी काटे आणि सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी. तबकड्या करणाऱ्यांच्या हातात कंपनी आली आणि निघालेल्या घड्याळाच्या तबकडीवर कमी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं, हे मला फार आवडतं.

आणि माप. एकतीस मिलिमीटर. त्या काळी हे पुरुषांचं घड्याळ होतं. आज दुकानात एकतीस मिलिमीटर म्हटलं की लेडीज काउंटरकडे बोट दाखवतात, आणि तिथे खडे, फुलं, शिंपल्याची तबकडी आणि आत सेल. मला खडे नको होते. रोज सकाळी चावी द्यायची, आत खरी चाकं फिरतायत असं साधं घड्याळ माझ्या मनगटाच्या मापाचं हवं होतं. लग्नाकार्यात काठाच्या साडीवर शोभेल आणि बांगड्यांशी भांडणार नाही असं. मूळ घड्याळाची किंमत हा माझ्या आवाक्यातला विषय नाही.

प्रत्यक्ष मी ते कधी पाहिलेलं नाही. फोटो मात्र पुष्कळ पाहिले. समोरून घेतलेला एक चांगला फोटो आठपट मोठा करून छापून आणला आणि त्यावर बटर पेपर ठेवून कंपास-डिव्हायडरने मोजत बसले. हे आमचं रोजचं काम. वरच्या मधल्या दाताची रुंदी त्याच्या लांबीच्या ७५ ते ८० टक्के असली की दात नजरेला बरा वाटतो. थोडा इकडेतिकडे झाला की पेशंटला कारण सांगता येत नाही, पण आरसा खाली ठेवताना चेहरा पडतो. घड्याळाचंही तसंच निघालं. मिनिटकाटा कडेच्या ठिपक्यांपर्यंत जातो, अलीकडे थांबत नाही. तासकाटा खुणेच्या आतल्या टोकाशी येऊन थांबतो. कान मुळाशी जाड आणि टोकाला बारीक होत खाली वळतात. कागदावर हे सगळं तीन रात्रींत आलं. ते तसंच का असावं लागतं, हे कळायला पुढचं वर्ष गेलं.

मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, मिळालं बर्डीतच. मोदी नंबर म्हणतात त्यांतल्या एका गल्लीत दाराएवढ्या रुंदीचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काकांना सगळे काकाच म्हणतात. मी त्यांच्यापुढे बटर पेपर उलगडला. त्यांनी चष्मा वर केला, आयग्लास लावली आणि बराच वेळ चित्रच पाहत बसले. आधी म्हणाले, "एचएमटी जनताचं मशीन घाल ना. कुठंही दुरुस्त होते." खरं आहे ते. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात एचएमटीची घड्याळं सुरू झाली आणि जनताच्या सतरा ज्वेलच्या (चाकांची टोकं ज्यांत फिरतात ती माणकं) मशीनवर आपल्याकडच्या किती घरांची वेळ चालली याचा हिशेब नाही. माझ्या आईच्या माहेरी तेच होतं. पण त्याचा सेकंदकाटा मधे असतो, मला सहाच्या जागी हवा होता.

काकांनी ड्रॉवरमधून एक जुनं स्विस घड्याळ काढलं. पिवळा मुलामा घामाने खाऊन टाकलेला, कानाशी हिरवट झालेलं. मागचं झाकण पात्याने उचललं. "केस सडली. मशीन जिवंत आहे, पेझोचं."

पेझो ७००१. पेझो ही स्विस मशीन बनवणारी कंपनी. हे मशीन ओळखीचं असणाऱ्यांना जास्त सांगायला नको. व्यास २३.३ मिलिमीटर, जाडी फक्त २.५. सतरा ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. छोटा सेकंद सहाच्याच जागी. जर्मनीच्या नोमोस कंपनीने १९९०च्या दशकात आपली पहिली घड्याळं याच मशीनवर केली. दाताच्या कॅपसाठी आम्ही डॉक्टरांकडे चावण्याच्या बाजूला दोन मिलिमीटर जागा मागतो आणि तेवढी मिळाली तर खूश होतो. इथे त्याहून जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त जाडीत स्प्रिंग, चाकं, बॅलन्सचं डोलणारं चाक, सगळं बसवलेलं. मी ते तळहातावर घेतलं तेव्हा मला बोलायला सुचलं नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे होते, चार-पाच ठिकाणी, वेगवेगळ्या हातांचे. काका म्हणाले, "दुरुस्तीच्या खुणा. ज्यानं खोललं त्यानं तारीख टाकायची. हे पाहा, हा माझा." ८७ सालचा होता.

मशीन मला लगेच दिलं नाही. आधी एक मेलेलं तसलंच मशीन हातात ठेवलं. "काहून घाई करून राहिली? हे तीनदा खोल, तीनदा बसव. मग जित्याला हात लाव." मी पाच वेळा खोललं. दुसऱ्या वेळी एक स्प्रिंग उडाली आणि पलंगाखाली टॉर्च आणि चुंबक घेऊन रात्रीचे दोन वाजले, पण सापडली. रविवारी दुपारी दुकानाची फळी अर्धी ओढून काका शेजारी बसवायचे. चिमटा कसा धरायचा हे मला येत होतं. जोर कुठे द्यायचा नाही, ते त्यांनी शिकवलं. वरचा पूल, म्हणजे चाकांना वरून धरणारी पट्टी, बसवताना सगळ्या चाकांची टोकं आपापल्या ज्वेलमध्ये गेलीत का ते स्क्रू आवळण्याआधी बॅरलचं (स्प्रिंगच्या डबीचं) चाक नखाने किंचित हलवून पाहायचं. सगळी चाकं एकदम सुळकन फिरली तरच स्क्रू. एकही टोक बाहेर असताना आवळलं, की ते गेलं.

मग नागपूरचा उन्हाळा आला. बाहेरच्यांना सांगून पटणार नाही, पण आमच्या उन्हाळ्यात घड्याळाचा खरा शत्रू कूलर आहे. पारा ४५च्या वर, घरात कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलर लावला की वाळ्याचे तंतू, धूळ आणि दमट वारा थेट टेबलावर. तेलाच्या थेंबात एक तंतू गेला तर ते तेल तंतू चढून ज्वेलबाहेर येतं. म्हणून सफाई आणि तेल मी पहाटे साडेचार ते साडेसहा केलं, कूलर बंद, खिडकी बंद, कपाळाला पंचा. वेगाने फिरणाऱ्या टोकांना मोबियस ९०१० हे पातळ तेल, हळू पण जास्त दाबाने चालणाऱ्या जागी जाड तेल. थेंब इतका की ज्वेलची वाटी निम्म्यापर्यंत भरावी, काठोकाठ नाही. जास्त तेल चांगलं असतं असं वाटतं. तसं नाही. वाटी भरून वाहिली की तेल पसरतं आणि टोक कोरडं राहतं.

केसचं काम मला सोपं जाईल असा माझा समज होता. मेण घडवणं, ओतकाम, पॉलिश, सगळं माझंच. चांदीत करायचं ठरवलं. लॅबमधलं निळं इनले मेण घेतलं, त्यात आठ दिवस कान घडवले. प्रत्येक कान वेगळा करून जोडायचा मोह झाला होता, पण मूळ घड्याळात कान केसमधून वाहत बाहेर आल्यासारखे आहेत, जोडलेले दिसत नाहीत. मग अख्खं मेण एकत्रच कोरलं.

हे सगळं मे महिन्यात. दाताच्या कामात वापरतो त्या सगळ्या पदार्थांत तापमानाने सर्वांत जास्त फुगणारा आणि आकसणारा पदार्थ हे मेण. घडवलं की लगेच इन्व्हेस्टमेंटमध्ये, म्हणजे साच्याच्या लगद्यात, बुडवायचं, ठेवून द्यायचं नाही, हे मी स्वतः नव्या मुलींना शिकवते. माझं तर आठ दिवस चाललं. रात्री ते फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी डब्यात असायचं, आणि घरात सगळ्यांना ताकीद की त्या डब्याला हात लावायचा नाही. इतवारीच्या सराफा ओळीत ओतकामवाल्याकडे नेलं तेही बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये.

चांदीत ओतून आलं आणि बाहेरचं माप निघालं साडेतीस. आत जिथे मशीन बसायचं ती जागा मी २३.६ ठेवली होती, ती २३.२ झाली होती. मशीन २३.३. चूक पूर्ण माझी. धातू थंड होताना आकसतो, आणि दाताच्या कामात आमची इन्व्हेस्टमेंट तेवढीच फुगेल असा हिशेब आधीच केलेला असतो, त्यामुळे आम्ही मेण नेमक्या मापाचं करतो. दागिन्यांच्या ओतकामात तो हिशेब कुणी करत नाही, आकसणं मेणातच धरावं लागतं. सोळा वर्षांच्या सवयीने मी ते धरलं नाही. शिवाय पॉलिश करताना एका कानाच्या मुळाशी सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडली. धातू जिथे सर्वांत जाड, तिथे तो शेवटी गोठतो. रस आत जायची वाट तिथेच जोडलेली नसली की त्या जागी पोकळी राहते.

दुसरं मेण जुलैत केलं, पावसाने हवा उतरल्यावर. या वेळी पावणेदोन टक्के मोठं, आणि रसाची वाट मी स्वतः कानांच्या मुळाशी जोडून दिली. निघालेला तुकडा हातात घेतला तेव्हाच कळलं की हे घड्याळ होणार.

आतली जागा अचूक करायला लेथ हवं. हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ओळखीने गेले. तिथे दिवसभर पंपाचे शाफ्ट तासतात. मालकांनी केस पाहिली आणि सरळ तीन जबड्यांच्या चकमध्ये धरायला निघाले. मी हातच धरला. एवढी पातळ चांदी जबड्यात आवळली की त्रिकोणी होते, सोडल्यावर परत गोल होत नाही. मी सोबत सराफाकडून लाख आणली होती. पितळेची चकती तासून घेतली, गरम केली, लाखेचा थर दिला आणि केस त्यावर चिकटवली. लाख ऊन असेपर्यंत इंडिकेटर लावून केंद्रात आणायची, मग थंड होऊ द्यायची. मालक माणूस जाणता. एकदा पाहिल्यावर म्हणाले, "ताई, हे मला माहीतच नव्हतं. आता पातळ बुश असेच धरणार." चांदी अवजाराला चिकटते, म्हणून काप फार हलका घेतला. काम झाल्यावर गरम करून केस सोडवली आणि उरलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळवली.

मागचं झाकण दाबून बसणारं केलं. कॅपच्या कडेची फट १२० मायक्रॉनच्या आत असली तर चालते, असं आम्हाला शिकवलं आहे. झाकणाला तेवढी फट ठेवली असती तर ते खिशात गळून पडलं असतं. ते बसताना टक् असा आवाज यायला हवा, आणि त्या आवाजासाठी मी चार दिवस काठ घासत होते. काच मात्र माझ्या अंगणातली निघाली. जुन्या पद्धतीची फुगीर काच म्हणजे ॲक्रिलिक, आणि कवळीची हिरडीही त्याच कुळातली, पीएमएमए. बाजारातून आणलेल्या काचेची कड मापाला घासली आणि कवळीसारखीच प्युमिसवर, मग नरम चाकावर चकाकवली. बोट फिरवलं तर कुठे कड लागत नाही.

तबकडीवर मला जास्त बोलायचं आहे.

०.४ मिलिमीटर जाड चांदीचा पत्रा घेतला. त्यावर मधलं भोक, छोट्या सेकंदाचं भोक आणि मागे दोन पाय, जे मशीनच्या भोकांत बसतात. या चारही जागा मशीनशी केसाएवढ्याही चुकता कामा नयेत. मापायला माझ्याकडे यंत्र नव्हतं, पण ठसा घेता येत होता. त्या मेलेल्या मशीनची नुसती प्लेट धुऊन घेतली आणि तिच्यावर लाइट बॉडी सिलिकॉनचा ठसा घेतला, दाताचा घेतो तसाच. प्रत्येक भोकाच्या जागी सिलिकॉनची इवलीशी काडी उभी राहिली. काड्यांच्या टोकांना शाई लावून ठसा पत्र्यावर दाबला. चार ठिपके उमटले.

आणि पहिली तबकडी वाया गेली. ठसा मी पत्र्याच्या मागच्या बाजूला दाबला होता, कारण पाय मागे लावायचे होते. प्लेटवर वरून घेतलेला ठसा तबकडीच्या पुढच्या बाजूलाच दाबायला हवा. मागे दाबला की पायांच्या जागा आरशातल्यासारख्या उलट्या होतात. डावा-उजवा दात उलटा करून पाठवणं ही आमच्या धंद्यातली सर्वांत मोठी चूक, ती मी लॅबमध्ये कधी केली नाही. इथे केली. त्या दिवशी पुढे काम केलं नाही, फुटाळा तलावावर जाऊन तासभर बसले.

दुसऱ्या तबकडीला घाई केली नाही. हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये वर्तुळाचे सारखे भाग पाडणारं डिव्हायडिंग हेड होतं, त्याने बारा रेघा आखून घेतल्या. सेकंदाच्या छोट्या तबकडीत लेथवर बारीक वर्तुळं ओढली. खुणांच्या काड्या बारा, कारण बाराच्या जागी जोडकाडी आणि सहाची जागा सेकंदाने घेतलेली. प्रत्येक काडीला मागे दोन पाय, म्हणजे ०.४ मिलिमीटरची चोवीस भोकं. लॅबमधल्या सर्व्हेअर नावाच्या उभ्या दांडीच्या उपकरणाला ड्रिल उभं बांधलं आणि सुट्टीच्या दिवशी एकेक पाडत गेले. तीन ड्रिल तुटली, त्यांतलं एक भोकातच, पण ते मागून ठोकून निघालं. काड्या पितळेच्या, तीन कडांच्या घासून सराफा ओळीत सोन्याचं पाणी देऊन आणल्या.

मग सँडब्लास्टर. सिरॅमिक धरावं म्हणून आम्ही धातूवर ५० मायक्रॉनची ॲल्युमिनाची पूड मारतो. सेकंदाची छोटी तबकडी मेणाने झाकली आणि बाकी पत्र्यावर फार कमी दाबाने, दुरून, हात सतत फिरवत मारली. चकाकणारा पत्रा डोळ्यांदेखत विझत गेला आणि पहाटेच्या धुक्यासारखा पांढरा झाला. मेण काढलं तेव्हा आतली वर्तुळं चमकत होती. नागपूरच्या पावसाळ्यात चांदी काळी पडायला वेळ लागत नाही, म्हणून त्याच दुपारी लॅकर दिलं.

काड्या बसवायला इतवारीत एका कोरीव काम करणाऱ्याची मदत घेतली. तो चांगला कारागीर आहे. काम झाल्यावर त्याने सहज विचारलं, "नाव टाकून देऊ का वर? तंतोतंत तसंच टाकतो. कोणाले कळते?"

त्या क्षणी मला फर्स्ट कॉपीचं उत्तर सापडलं. दात नकली असला तरी तो ज्याच्या तोंडात आहे त्याला ते माहीत असतं. त्यानेच तो मागितलेला असतो, आणि डॉक्टरांच्या कागदावर धातू, सिरॅमिक, रंग सगळं लिहिलेलं असतं. दुसऱ्याचं नाव टाकलेली तबकडी ती घालणाऱ्याशी नाही तर पाहणाऱ्याशी खोटं बोलते. स्टर्न बंधूंच्या घड्याळापुढे बसून मी वर्षभर गिरवलं होतं, लहानपणी पाटीवर अक्षर गिरवतात तसं. गिरवून झाल्यावर खाली गुरुजींची सही करायची नसते. मी नको म्हटलं. तबकडीवर बाराच्या खाली जिथे नाव असतं तिथे काहीच नाही, नुसती पांढरी चांदी. माझंही नाव नाही. लॅबमधल्या दातावरही ते कधी नसतं.

काटे दिवाळीत केले. त्रिकोणी काट्याला मधोमध धार असते आणि दोन्हीकडे उतार. उजेड एका उताराला लागतो तेव्हा दुसरा काळा दिसतो, म्हणून पांढऱ्या तबकडीवर सोनेरी काटा कुठल्याही कोपऱ्यातून वाचता येतो. हे फोटोत पाहून कळत नाही. हातात चिमट्याने धरून दिव्याखाली फिरवल्यावर कळतं. पितळेची पट्टी लाकडावर लाखेने चिकटवायची, तेलदगडावर एक उतार घासायचा, मग दुसरा. धार बरोबर मधून टोकापर्यंत जायला हवी. जराशी वाकडी गेली तर काटाच वाकडा वाटतो. मिनिटकाटे सात केले. सहावा धारेला सुंदर होता, तोच बसवला आणि काकांना दाखवायला नेलं. ते काही बोलले नाहीत, पण घड्याळ परत देताना वेळ लावला. घरी येऊन बटर पेपर काढला. काटा ठिपक्यांच्या ०.४ मिलिमीटर अलीकडे थांबत होता. एवढ्या कमतरतेने अख्खी तबकडी रिकामी आणि काटा आखूड बाह्यांच्या सदऱ्यासारखा दिसत होता. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. वर्षापूर्वी डिव्हायडरने जे मोजलं होतं ते त्या रात्री मला खऱ्या अर्थाने दिसलं. सातवा काटा ठिपक्यांना टेकतो.

सेकंदाचा काटा शिवणाच्या सुईचा. मूळ घड्याळात तो बाकी काट्यांच्याच रंगाचा आहे. इथे मी वेगळी वाट धरली आणि तो निळा केला. पितळेच्या वाटीत पितळेचा कीस घालायचा, त्यावर घासलेला, बोटसुद्धा न लागलेला काटा ठेवायचा आणि खाली स्पिरिटचा दिवा. पोलाद आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि ३०० अंशांच्या जवळ निळं. जांभळ्यापासून निळ्यापर्यंत मोजून काही सेकंद, आणि पुढे गेलं की राखाडी. लॅबच्या भट्टीत आकडा लावून हे करता येईल असं वाटलं होतं, पण आकडा भट्टीचा असतो, काट्याचा नाही. डोळ्यांनीच करावं लागलं. चौथा काटा मोरपिशी निळ्यावर उचलला.

जानेवारीत, कोरड्या थंडीच्या एका सकाळी, सगळं एकत्र आलं. तबकडी, काटे, केस, चावी. चावीची दांडी कापताना थोडी लांब ठेवून दहा-बारा वेळा काढून घासली. काच दाबली, झाकण टक् झालं. पाठीवरून जाडी आठ मिलिमीटरच्या आत राहिली. पट्टा काळा, साधा, बकरीच्या चामड्याचा, खामल्यातल्या एका चर्मकारबंधूंनी शिवून दिलेला.

पहिल्या आठवड्यात तबकडी वर ठेवून दिवसाला नऊ सेकंद पुढे, चावी खाली धरून चौदा सेकंद मागे. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, हे लक्षात घेतलं तर वाईट नाही, पण काकांना ते पटलं नाही. मार्चमध्ये त्यांनी घड्याळ ठेवून घेतलं. तीन दिवसांनी गेले तेव्हा ते त्यांच्या पुढ्यात, दुरुस्तीच्या सहा घड्याळांच्या ओळीत होतं. त्यांनी ते कानाला लावलं, मग माझ्या कानाला. सेकंदाला सहा, अगदी बारीक आवाज.

"सगळ्या बाजूंनी पाच सेकंदांच्या आत आणलं," म्हणाले. मग झाकण उघडलं. आतली बाजू मी आरशासारखी चकाकवली होती आणि काठाशी फक्त "१" कोरलं होतं. काकांनी आयग्लास लावली, ड्रॉवरमधली टोकदार सुई घेतली आणि माझ्या एकच्या शेजारी, हात जराही न थरथरता, महिना आणि साल टाकलं.